जागा कुणाची?

“आई, आमटी वाढू नका. पळी माझ्याकडं द्या,” असं म्हणून मी अप्पांचं ताट माझ्यापुढं ओढलं.

सासूबाई पळी हातात धरून उभ्याच राहिल्या. “अगं, वाढलेलं ताट ओढतात का कुणाचं? वैजू!”

रविवारची दुपार होती. बडोद्याच्या घरी आम्ही चौघं जेवायला बसलो होतो. अप्पा म्हणजे माझे सासरे, रघुवीर कारखानीस. घरात अप्पा, ऑफिसात साहेब. आम्ही दोघंही भूवैज्ञानिक, एकाच तेल कंपनीत, एकाच मजल्यावर. त्यांनीच मुलाखत घेऊन मला नोकरी दिली, आणि वर्षभर माझी भांडणं ऐकून घेतल्यावर “पोरगी फटकळ आहे, पण डोकं आहे” असं सांगून स्वतःच्या मुलाशी माझं लग्नही जमवलं. मकरंद बँकेत. त्याला दगडांतलं काही कळत नाही, कळून घ्यायचंही नाही. तो मुकाट्यानं पोळी तोडत होता.

“अप्पा, उद्याच्या बैठकीआधी हे बघा,” मी म्हणाले. “हे ताट म्हणजे आपलं खोरं.”

अप्पांनी चष्मा वर सरकवला. “बोल.”

आमचं खोरं म्हणजे उत्तर गुजरातेतल्या माळाखालचं गाळाचं खोरं. फार पूर्वी तिथं पाणी होतं, त्यात वाळू आणि चिखल थरावर थर बसत गेला, दबला, खडक झाला. त्याच्या तळात तेल शिजलेलं असणार, असं अप्पा वीस-बावीस वर्षं सांगत आले होते. त्यांच्या शब्दावर तीन विहिरी खोदल्या. तिन्ही कोरड्या, म्हणजे तेल नाही. आता रिग, म्हणजे खोदाईचं यंत्र, दुसरीकडं जाण्याआधी एकच विहीर हातात होती. तिच्यातही काही लागलं नाही तर खोरं कायमचं बंद करायचं, असं वरून ठरलं होतं. आणि मार्चमध्ये अप्पा निवृत्त होणार होते.

या चौथ्या विहिरीसाठी त्यांनी पूर्वेचा उंचवटा निवडला होता. सुरुंग लावून जमिनीखालचे पडसाद टिपायचे, त्यावरून खालचे थर कसे वळलेत ते काढायचं, अशी ती पद्धत. त्यात हा उंचवटा उलट्या कढईसारखा सुरेख दिसत होता. तेल पाण्याहून हलकं. खडकातल्या पाण्यातून वाट काढत ते चढाकडं सरकतं आणि वर झाकण मिळालं की तिथं साठतं. म्हणून जिथं उंच तिथं खोदायचं, हे आमच्यातलं शेंबडं पोरही सांगेल.

मी ताटाखाली डावीकडं पाण्याचं भांडं आडवं टेकवलं... नाही, उलटं सांगते. उजवीकडं टेकवलं. ताट डावीकडं कलंडलं. मग पळीभर आमटी मधोमध ओतली. ती डावीकडं धावली आणि मेथीच्या भाजीमागं जाऊन थांबली.

“तेल चढतं, आमटी उतरते,” अप्पा म्हणाले.

“तेवढं उलटं धरा ना! ज्या काळात तेल निघालं, त्या काळात आपल्या खोऱ्याचा चढ पश्चिमेकडं होता, पूर्वेकडं नव्हता. तेल पश्चिमेला गेलं, आणि जिथं वाळूचा थर पातळ होत संपतो तिथं अडलं. खोरं पूर्वेकडं वर उचललं गेलं ते नंतर, आणि तुमचा उंचवटा तर त्याहून नंतर.” मी उजवीकडच्या भाताच्या मुदीत बोटांनी आळं केलं. “हे बघा. आमटी तिकडं पोचल्यावर इकडं आळं केलं. त्यात काय मिळणार?”

“म्हणजे?”

“म्हणजे तुमचा उंचवटा रिकामा आहे, अप्पा. पश्चिमेच्या खळग्यात खोदायला हवं.”

मकरंदचा घास हातातच राहिला. अप्पा माझ्याकडं नाही, त्या आळ्याकडं बघत होते.

“तीन झाल्या,” ते म्हणाले. “चौथीही कोरडी म्हणतेस. आणि ते मला शुक्रवारी सांगायचं सोडून, बैठकीच्या आदल्या दिवशी, जेवताना सांगतेस.”

“शुक्रवारी मलाच कुठं कळलं होतं? काल संध्याकाळी कळलं!”

अप्पा ताटावरून उठले. एक घासही न खाता उठले आणि हात धुऊन खोलीत गेले. आमच्या घरात हे कधी घडलं नव्हतं. अप्पांना करपलेली भाजी वाढा, खारट आमटी वाढा, ताट स्वच्छ करूनच उठणार, असा त्यांचा शिरस्ता.

“भरल्या ताटावरून उठवलंस माणसाला,” सासूबाई म्हणाल्या. त्यांनी ताट उचललं तसं ते दुसरीकडं कलंडलं. “बघ, सगळी आमटी भातात गेली. आता हे गाईलासुद्धा घालता येणार नाही.”

माझं लक्ष कुठं होतं आमटीकडं! मला रडू येत होतं आणि रागही येत होता. मी बरोबर होते ना? मग?

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांची स्कूटर दारात नव्हती. एरवी आम्ही दोघं एकाच स्कूटरवर जायचो, मी मागं डबे धरून. ऑफिसातले लोक म्हणायचे, आलं बघा खोरं सहकुटुंब. त्या दिवशी मी बसनं गेले.

मोठ्या खोलीत अप्पा भिंतीपुढं उभे होते. तोंडात टाचण्या, हातात भिंग. माझ्याआधी चांगले दोन तास आले असावेत, कारण शेजारच्या कपातल्या चहावर साय धरली होती.

त्या भिंतीवर आसपासच्या सगळ्या विहिरींच्या पट्ट्या असायच्या. एकेका विहिरीत कुठल्या खोलीवर कोणता खडक लागला याचं चित्र म्हणजे पट्टी. कागदाच्या लांबच लांब पट्ट्या, शेजारीशेजारी टांगलेल्या. आमच्याकडं त्या समुद्रसपाटीच्या रेषेवर जुळवून टांगायची पद्धत. मग थर आज कुठं वर आहेत, कुठं खाली, ते नजरेसमोर येतं. वर्षानुवर्षं त्या तशाच होत्या आणि आम्ही सगळे तसंच बघत होतो.

शनिवारी मी सहज चाळा म्हणून त्या काढल्या आणि कोळशाच्या एका बारीक काळ्या थरावर जुळवल्या. कोळसा दलदलीत होतो, आणि दलदल सपाट असते. तो थर एका सरळ रेषेत आणला की तो तयार झाला त्या वेळचं खोरं दिसायला लागतं, आणि आमचं तेल शिजून हलायला लागलं ते साधारण त्याच सुमाराला. टाचण्या लावून मागं सरले तर वाळूचा थर पश्चिमेला चढत गेलेला! आज तो तिकडं खाली उतरतो. मी खोलीत एकटीच “अगं बाई!” म्हणून ओरडले होते.

अप्पांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. “कोळसा सगळ्या विहिरींत तोच आहे कशावरून?”

“त्याच्या वर राखाडी चुनखडी आहे. प्रत्येक विहिरीत आहे.”

“पाहिली.” ते पश्चिमेच्या पट्टीपाशी गेले. “इथं वाळू पातळ होते. ठीक. पण नंतर खोरं पूर्वेला उचललं, तेव्हा हे तेल इथंच कसं राहिलं? वाळूचं पूर्वेचं तोंड मिटलेलं आहे?”

“मिटलेलं असणार.”

“असणार?”

“मिटलेलं आहे,” मी म्हणाले. मी काही मागं हटणारी नव्हते.

त्यांनी भिंग खाली ठेवलं. मग म्हणाले, “उतार तू बरोबर वाचलायस. वीस वर्षं या भिंतीपुढं मी उभा आहे, मला दिसला नाही.” आणि चहा न पिताच बैठकीला गेले.

इथं आमच्या ऑफिसातली एक रीत सांगायला हवी. विहिरीला कागदोपत्री नंबर असतो, पण तो कुणी वापरत नाही. ज्यानं जागा सुचवली, विहीर त्याच्या नावानं ओळखली जाते. दहा वर्षांनीसुद्धा लोक म्हणतात, ही परांजप्यांची, ही पटेलांची. लागली तर नाव, कोरडी निघाली तरी नाव. म्हणून बैठक संपताना आमचे मुख्य, धारप साहेब, हमखास एकच प्रश्न विचारायचे.

अप्पांनी नकाशा टांगला आणि सांगितलं, की पूर्वेच्या उंचवट्याची जागा मी मागं घेतो, पश्चिमेच्या खळग्यात खोदायचं आहे.

मग मागून कुणीतरी फिसकन हसलं.

“कारखानीस,” धारप म्हणाले, “तेल वर जातं एवढं तर आपण कॉलेजात शिकलो. तुम्ही खळग्यात काय शोधताय?”

अप्पांनी सगळं समजावलं. कोळसा, सपाट दलदल, जुना चढ. माझ्यापेक्षा चांगलं समजावलं, आमटीबिमटी न आणता. हसणारे हळूहळू पुढं सरकून ऐकू लागले. मी खुर्चीच्या कडेला बसले होते. आता माझं नाव येईल, आता येईल.

धारपांनी पेन उघडलं. “बरं. जागा कुणाची?”

“माझी,” अप्पा म्हणाले.

माझ्या कानात कुणी गरम तेल ओतावं तसं झालं. मी त्यांच्याकडं पाहिलं. ते नकाशाची गुंडाळी करत होते.

संध्याकाळी स्कूटरवर मागं बसल्याबसल्या मी तोंड सोडलं. “माझं नाव का नाही घेतलंत?”

“ट्रक येतोय. नीट धरून बस.”

“ट्रकाचं मला सांगू नका. जागा माझी होती. कोळशावर पट्ट्या मी लावल्या!”

“वेळ आली की घेईन नाव.”

“वेळ आजच होती, अप्पा.”

पुढचे कितीतरी आठवडे मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले. घरात तर तेवढंही नाही. “काय गं झालंय तुम्हा दोघांना?” सासूबाई विचारायच्या. मी म्हणायचे, त्यांनाच विचारा. मकरंदला सगळं सांगितलं तर तो म्हणाला, “अप्पा असं करणार नाहीत.” मी म्हणाले, “केलंय. तोंडावर केलंय.” दुसऱ्या कुणी केलं असतं तर एवढं लागलं नसतं. त्यांनी मला मुलगी म्हणून घरात आणलं होतं.

फेब्रुवारीत विहीर त्या वाळूपर्यंत पोचली. आम्ही दोघं माळावरच्या छावणीत होतो. वाळूचा थर लागला आणि खोदाईच्या चिखलातून खडकाचा चुरा वर आला. मी तो चाळणीत धुतला, मूठभर नाकाशी धरला. तेलाचा वास! निळ्या दिव्याच्या पेटीत तेल चमकतं; त्यात ठेवला तर कण पिवळे झळकले. मी सगळा राग विसरून धावतच गेले. “अप्पा! साहेब! आहे, आहे!”

अप्पांनी चुरा तळहातावर घेतला, वास घेतला. तीन विहिरींत त्यांना हा वास मिळाला नव्हता.

मग त्या थराची चाचणी घेतली. वर काय आलं? खारं पाणी. दिवसभर निव्वळ खारं पाणी. वाळूच्या कणांना तेलाचे डाग होते, पण तेल नव्हतं.

धारप जीपनं आले, सगळं पाहिलं आणि कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, “कोरडी.”

“कोरडी,” अप्पा शांतपणे म्हणाले. “पण हा वास घेऊन बघा. या खोऱ्यात तेल तयार झालं, हललं आणि इथवर आलं. आता खोरं बंद करू नका. बाकी माझ्याबद्दल काय लिहायचं ते लिहा.”

धारपांनी वास घेतला. दोनदा घेतला. “बंद नाही करत,” ते म्हणाले.

परतताना जीपमध्ये अप्पा तो चुरा रुमालात बांधून मांडीवर घेऊन बसले होते. मधूनच नाकाशी न्यायचे.

“तेल होतं,” ते म्हणाले. “मग गेलं कुठं, ते तू बघ.”

“तुम्हाला काय वाटतं?”

“मी मार्चमध्ये घरी बसणार. तू बघ.”

मार्चमध्ये हार झाले, भाषणं झाली, बटाटेवडे झाले. आणि त्या विहिरीला नाव पडलं: कारखानिसांची चौथी. जिन्यात लोक हळूच म्हणायचे, म्हातारा जाता जाता खळग्यात पडला. मला ते ऐकवत नसे. पण खरं सांगते, तेव्हाही मनात एक ठुसठुस होतीच, की उतार मी वाचला आणि ते कुणाला माहीतसुद्धा नाही.

तेल कुठं गेलं, हे कळायला मला दोन वर्षं लागली. नवे पडसाद टिपले, वाळूचा थर पूर्वेकडं तसूतसूनं शोधत नेला. वाळूचं पूर्वेचं तोंड मिटलेलं नव्हतं. सताड उघडं होतं. म्हणजे आधी चढ पश्चिमेला होता तेव्हा तेल पश्चिमेला गेलं, साठलं. मग खोरं पूर्वेला उचललं गेलं, चढ फिरला, आणि तेलही माघारी फिरलं. त्याच वाळूतून, आल्या वाटेनं, नव्या चढाकडं. पेन्सिलीनं ती वाट ओढत ओढत मी नकाशाच्या पूर्व टोकाला पोचले, आणि पेन्सील जिथं थांबली तिथं अप्पांच्या हातची जुनी फुली होती. पुसलेली, पण दाबून काढली असल्यामुळं कागदात उमटलेली.

त्यांचा उंचवटा! मी ज्याला रिकामं आळं म्हटलं होतं, तोच.

मी घरी काही बोलले नाही. मन धजेना. सरळ बैठक लावली.

धारप साहेब अजून होते, केस मात्र पिकले होते. मी सगळं मांडलं. जाणारी वाट, येणारी वाट, डागाळलेली वाळू. ते नकाशावर वाकले. “हा तर कारखानिसांचा जुना उंचवटा! त्यांनी स्वतःच नाही का मागं घेतलेला?”

“हो.”

“म्हणजे पुन्हा कारखानीस,” मागून कुणीतरी म्हणालं, आणि पाच-सहा जण हसले.

धारपांनी पेन उघडलं. “जागा कुणाची?”

उत्तर तोंडातच होतं. त्यांचीच तर होती जागा, फुलीसुद्धा त्यांच्या हातची. पण मागचं ते हसू मी ऐकलं होतं. विहीर कोरडी निघाली तर? घरी बसलेल्या, गुडघे दुखणाऱ्या माणसाच्या नावावर पाचवी. जिन्यात पुन्हा तेच बोलणं.

“माझी,” मी म्हणाले.

आणि माझाच आवाज माझ्या कानावर पडला. तोच शब्द, तशाच थंड आवाजात. मी नकाशाची गुंडाळी करायला लागले आणि माझे हात थांबले. अप्पांनी ‘माझी’ म्हटलं त्या दिवशी मी तीन वर्षांच्या नोकरीची पोर होते. “मिटलेलं असणार” वर त्यांनी मला अडवलं होतं, त्यांना कच्ची जागा दिसली होती. ती कोरडी विहीर माझ्या नावावर लागली असती तर पुन्हा कुणी मला नकाशापुढं उभं केलं नसतं. मी पाणी मागितलं. धारप म्हणाले, “बरं वाटत नाही का?” मी म्हणाले, “आत्ताच बरं वाटतंय, साहेब.”

डिसेंबरात तेल लागलं. पाण्यासारखं धो धो. माळावर नाचत होते सगळे, धारप साहेबसुद्धा चिखलात बूट बुडवून उभे. मी त्यांच्यापाशी गेले.

“साहेब, जागा कारखानिसांची. तसंच लिहा.”

“आणि मग बैठकीत?”

“बैठकीत माझी होती.”

मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमजल्यासारखं आलं आणि त्यांनी नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळेला मी घरी पोचले. पिशवीत तेलाची बाटली होती. अप्पा पाटावरच बसले होते, गुडघ्यांमुळं एक पाय लांब करून. मी बाटली त्यांच्या हातात दिली. त्यांनी बूच काढलं, नाकाशी धरलं आणि डोळे मिटले. “शी, जेवताना काय ते!” सासूबाई म्हणाल्या, पण बाटली त्यांनी हिसकावली नाही.

“तुमचा उंचवटा,” मी म्हणाले.

“वाटलंच होतं.”

“कधीपासून?”

“त्या रुमालातला वास घेतला तेव्हापासून. चढ फिरला म्हणजे तेलही फिरणार.”

“मग दोन वर्षं बोलला का नाहीत? मी वेड्यासारखी वाळू शोधत फिरले!”

“मी बोललो असतो तर लोक म्हणाले असते, म्हातारा अजून आपलंच घोडं दामटतोय. तुझ्या तोंडून आलं म्हणून खोदलं त्यांनी.” त्यांनी बाटलीला बूच लावलं. “काय लिहिलं धारपांनी? कुणाची म्हणून?”

“तुमची.”

“आणि खोदण्याआधी विचारलं असेल, तेव्हा काय सांगितलंस?”

मी आमटीची पळी उचलली. मला त्यांच्याकडं बघता येईना. “गार होतेय आमटी,” मी म्हणाले.

अप्पांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, डोळ्यांवरूनही तोच सोगा फिरवला.

“मला तेव्हाच विचारायचं होतंत दोघांनी,” सासूबाई म्हणाल्या. “त्या दिवशी ताट उचललं तर सगळी आमटी भातात शिरली होती. मी ओरडलेसुद्धा. ऐकतंय कोण!”

मकरंद खो खो हसायला लागला. अप्पांना ठसका लागला. मग त्यांनी ताट जवळ ओढलं, भाताच्या मुदीत बोटांनी चांगलं खोल आळं केलं आणि मला म्हणाले, “वाढ, वैजू.”

मी वाढली. त्यांनी आणखी मागितली, तीही वाढली. त्या दुपारी अप्पा ताटावरून उठले ते ताट निपटून, बोटं चाटून.